दौंडच्या विहिरीचं विलायती पाणी

शैले, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून बाहेर आले. शाळेच्या पटांगणात मांडव होता, तुझा फोटो होता, त्याला झेंडूचा हार होता. संस्थेचे बापूसाहेब माइकवर म्हणाले, "मॅडम फार सोशिक होत्या. कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खुर्ची मागे सारली, तिचा मोठा आवाज झाला, आणि मी चपला शोधत चालायला लागले. लोकांना वाटलं, सुधाताईंना रडू आवरेना. रडू कसलं येतंय! माझा संताप झाला होता. त्यांचा राग तर आलाच होता, पण त्यांच्यापेक्षा तुझा जास्त.

सोशिक! तू? शिरूरच्या कॉलेजात मेसवालीनं डाळीत पाणी ओतलं म्हणून तिच्या पुढ्यात ताट पालथं घालणारी तू. मांडवगण फराट्याहून एसटीनं यायचीस. कंडक्टरनं सुट्ट्यासाठी अडवलं तर पुढच्या स्टॉपपर्यंत त्याच्याशी वाद घालत यायचीस, आणि वर्गात शिरताना मला डोळा घालायचीस. मी तुझी मैत्रीण झाले ती त्या तोंडाळपणावर भाळून. मग दौंडला इतिहास शिकवायला लागलीस आणि कधीतरी, माझ्या नकळत, गप्प बसायला शिकलीस. कुणी शिकवलं तुला ते? आज हे विचारायला तू नाहीस, याचाच तर राग आहे.

गेलीस त्या दिवशी सकाळी शाळेत जायला म्हणून निऱ्या घालत होतीस. मधेच खाली बसलीस. तुझी आई, माझ्या मावशी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शैला, उशीर व्हतोय गं." तू उत्तर दिलं नाहीस. शेवटीसुद्धा गप्पच.

आता त्या बाटल्यांचं बोलते. कारण लोक तुझ्याबद्दल बोलताना त्याच विषयाला बगल देतात.

शाळेत मुलींच्या संडासासाठी पाया खणत होते. जेसीबीनं दोन-तीन हात खाली मातीच्या बाटल्यांचा ढीग वर काढला. उभट, तपकिरी, मानेपाशी छोटा कान, खांद्यावर गोल शिक्का. ड्रायव्हर त्या भरावात टाकायला निघाला होता. तू साडीचा पदर खोचून खड्ड्यात उतरलीस म्हणे, आणि नववीच्या मुलींना हाताशी घेऊन एकेक बाटली बाहेर काढलीस. हौदावर बसून दात घासायच्या ब्रशनं त्या धुतल्यात. आणि लगेचच्या रविवारी, भाजीच्या पिशवीत पाच-सहा बाटल्या घालून, शिरूरला माझ्या दुकानात हजर.

मी कुकरचं गिऱ्हाईक करत होते. तू बाटल्या काउंटरवर मांडल्यास, कळशांच्या रांगेत, जणू विकायलाच आणल्यात.

"सुधे, वाजवून बघ," म्हणालीस.

भांड्याच्या दुकानात जन्म गेला माझा. हातानं वाजवल्याशिवाय मी माठही घेत नाही. पहिली वाजवली, बद्द. दुसरी बद्द. तिसरीला मात्र नखानं टिचकी मारली तर ती खणकन बोलली, चिनी मातीच्या बरणीसारखी.

"ही वेगळीय," मी म्हटलं.

तुझा चेहरा असा उजळला, जसं मी एखादं मोठं कोडं सोडवलंय. "तेच! ही एक जर्मनीची. बाकीच्या दौंडच्या."

मग तू सांगत बसलीस आणि माझं गिऱ्हाईक कुकर विसरून ऐकत बसलं. इंग्रजाच्या काळात विलायतेतल्या झऱ्यांचं औषधी पाणी बाटल्यांत भरून बोटीनं इकडं यायचं. दौंड म्हणजे रेल्वेचं मोठं जंक्शन. साहेब लोक गाडी बदलायला उतरायचे. त्यांना इथल्या पाण्याची भीती, म्हणून ते हेच सीलबंद पाणी मागायचे. स्टेशनजवळ कुणीतरी हिकमती माणूस होता. त्यानं एक खरी बाटली नमुन्याला ठेवली, कुंभाराकडून तशाच करून घेतल्या, लाकडाचा शिक्का कोरून घेतला आणि विहिरीचं पाणी भरून साहेबाला विकलं.

"कशावरून?" मी विचारलं. मला पुरावा लागतो, हे तुला ठाऊक होतं.

तू फुटक्या बाटलीची कड सरळ जिभेला लावलीस. माझं गिऱ्हाईक शहारलं. "बघ, चिकटते. कच्ची भाजलेली माती ओल ओढते, म्हणून जीभ धरते. जर्मन बाटली दगडासारखी भाजलेली, ती नाही धरत." मग शिक्का दाखवलास. खऱ्या बाटलीवर पंख पसरलेला गरुड, अक्षरं रेखीव. दुसरीवर एक अक्षर उलटं, कारण कोरणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, त्यानं चित्र बघून चित्र काढलं. आणि गरुड?

"हा गरुड नाही सुधे, ही तर खुराड्यातली तलंग आहे, कोवळी कोंबडी. बघ कशी दाणे टिपायला निघालीय."

आपण दोघी हसून हसून काउंटरवर पडलो. मग तू मला बाटलीचा वास घ्यायला लावलास. गरम पाण्यानं विसळलेल्या बाटलीतून बांगडीवाल्या कासाराच्या दुकानासारखा वास येत होता. आतून लाखेचा थर दिलेला, पाणी पाझरू नये म्हणून. काय डोकं चालवलंय बघ, म्हणालीस. तुझ्या बोलण्यात त्या माणसाबद्दल तक्रार नव्हती, कौतुक होतं.

माझं मत मी तिथंच सांगितलं. गिऱ्हाइकाला फसवलं ते फसवलं, मग तो साहेब असो की सोम्या. माझ्याकडे दुसऱ्याचा छाप मारलेली स्टीलची भांडी कुणी आणली तर मी टेम्पोतून उतरवूनही घेत नाही. तू म्हणायचीस, आजचं खोटं टाकून द्यायचं, पण शंभर वर्षांचं खोटं जपून ठेवायचं. कोण कुणाला घाबरत होतं, कोण कशासाठी धडपडत होतं, ते त्यातूनच कळतं. हा वाद आपण किती वेळा घातला! फोनवर, एसटी स्टँडवर, माझ्या पुतण्याच्या हळदीत. तो मिटला नाही. मिटावा असं दोघींनाही वाटत नव्हतं.

तू शाळेतल्या एका खोलीत फळ्या मारून घेतल्यास. एकीकडे ती एक खरी बाटली, समोर बाकीच्या खोट्या, आणि प्रत्येकीखाली मुलींच्या अक्षरात चिठ्ठी : 'मी खोटी, हे कसं ओळखाल?' मुली एकमेकींना जीभ लावून दाखवायच्या. आसपासच्या शाळांतली पोरं बघायला यायची. मी पण आले होते. इतकी खूश मी तुला आधी कधी पाहिली नव्हती, शैले. तुझ्या लग्नाच्या वाटाघाटी मोडल्या तेव्हासुद्धा एवढी खूश नव्हतीस.

आणि मग बापूसाहेबांचं बोलावणं आलं.

बापूसाहेब संस्थेचे अध्यक्ष. शिक्रापूरजवळ हायवेला त्यांचं मोठं हॉटेल, पुढं बैलगाडी, आत नांगर टांगलेले. रांजणगावच्या कंपन्यांतले साहेब शनिवार-रविवार बायकापोरं घेऊन जेवायला येतात. त्यांच्या पणजोबांचा दौंड स्टेशनजवळ सोडावॉटरचा कारखाना होता. घरात जुन्या बाटल्या होत्या, तशाच तपकिरी, तसाच शिक्का. त्यांना हॉटेलात एक दालन करायचं होतं : आमचं घराणं विलायती पाण्याचं एजंट. तू बघून खरं-खोटं सांगावंस, एवढंच काम. मी तुझ्यासोबत गाडी घेऊन आले होते, हे बरं झालं. नाहीतर पुढचं मी कधी खरं मानलं नसतं.

तू त्यांच्या दिवाणखान्यात एकेक बाटली हातात घेतलीस. वाजवलीस. शिक्का बघितलास. मला लांबूनच दिसलं, तलंग. मग आपली सवय, फुटक्या तोंडाची बाटली उचलून जिभेला लावलीस. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थबकल्या.

तू हसत म्हणालीस, "बापूसाहेब, मिळाला तो माणूस! शाळेच्या जागेत मागं तुमच्याच पणजोबांचा कारखाना होता. त्यांनी साहेबाला दौंडच्या विहिरीचं पाणी विलायती म्हणून पाजलं. आणि कुणाला कळलं नाही!"

तुला वाटलं, ते मांडीवर थाप मारून हसतील. तुझ्या डोळ्यांत ती वाट बघणं मला दिसत होतं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"म्हंजी आमचं पणजोबा लबाड हुतं, आसं म्हनायचंय तुमाला?"

"लबाड नाही हो. हुशार."

"मॅडम," ते अगदी हळू बोलले, "साळंचं बांधकाम आर्ध्यात हाय. स्लॅब माझ्या पैशानं पडायचाय. त्ये आपलं ठरलंय न्हवं? मग ह्ये बाटल्यांचं आपल्यातच ऱ्हाऊ द्या. तुमच्या साळंतल्या बी उचलून न्हेतो म्हनलं हाटेलात. पोरं-बाळं हाताळत्यात, फुटत्याल. तितं काचंत जपून ऱ्हात्याल."

मी तोंड उघडलं. तू माझ्या हातावर हात ठेवलास. 

"बरं," तू म्हणालीस.

बरं! एवढंच!

परत येताना न्हावऱ्याला रसवंतीवर गाडी थांबवली. घुंगरांचा आवाज चालू होता, म्हणून मी ओरडूनच बोलले. "तू का नाही बोललीस? तुझी ती खोली, त्या चिठ्ठ्या, त्या पोरींनी केलेलं काम. टेम्पोत घालून नेणार तो. आणि वर अस्सल म्हणून मांडणार!"

तू ग्लास दोन्ही हातांत धरून बसलीस. "मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, सुधे."

"त्याचा इथं काय संबंध?"

"सकाळी निघताना ओठ ओले करतात, तेवढंच. शाळेत जायला जागाच नाही. रेल्वेच्या भिंतीमागं जायचे दिवस गेले, तिथं आता पोरं मोबाइल घेऊन उभी असतात. आठवीतली एक मुलगी परवा वर्गात कळवळून पडली. डॉक्टर म्हणाले, लघवी दाबून दाबून झालंय. मी बोलले तर तो स्लॅब पडणार नाही. मेलेल्या माणसाची लबाडी झाकून जिवंत पोरीची सोय होत असेल तर झाकते मी."

"आज ही झाकशील, उद्या दुसरी. मग इतिहास शिकवतेस कशाला? शिवण शिकव."

हे मी बोलले. आणि आजही त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तू रस तसाच ठेवून उठलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. दौंड येईपर्यंत खिडकीबाहेरचा ऊस बघत होतीस. उतरताना फक्त म्हणालीस, "तू दुकानदार आहेस सुधे. तुला माल परत करता येतो."

त्यानंतर आपण बोललो, पण नुसतंच. मावशींचे गुडघे, माझ्या सुनेचं बाळंतपण, असलं काहीबाही. संडासाचं उद्घाटन झालं, तू निमंत्रण पाठवलंस, मी आले नाही. तू मला परत विचारलंही नाहीस. भांडली असतीस तर मी आले असते गं! दोन शिव्या दिल्या असत्यास, तर पुढच्या गाडीनं आले असते. तुला एवढं कसं कळलं नाही? माणसं जोखायला बाटल्यांइतकी सोपी नसतात का?

आणि मग फोन आला तो मावशींच्या शेजारणीचा.

तुझे दिवस झाल्यावर मी त्या हॉटेलात गेले. मुद्दाम गेले. सोबत कुणाला घेतलं नाही. बाहेर ट्रकांची रांग, आत तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास आणि पोरांचा दंगा. हात धुवायच्या बेसिनशेजारी, काचेमागं दिवे लावून, तुझ्या बाटल्या. वरती सोनेरी पाटी : 'अस्सल जर्मन खनिज पाण्याच्या दुर्मिळ बाटल्या. परीक्षण : कै. शैलजा मॅडम, दौंड.'

मी ती पाटी किती वेळ वाचत उभी होते, माहीत नाही. मागून एक बाई म्हणाली, "ताई, हात धुवायचेत." मी बाजूला झाले.

मग नीट बघितलं. मधल्या चार बाटल्या मला अनोळखी वाटल्या. काच उघडीच होती, मी एक उचलली. तू शिकवलेलंच केलं. बूड बघितलं. जुनी बाटली फरशीवर उभी राहून राहून बुडाला झिजलेली असते. ही बुडाला कोरी, कडा जशाच्या तशा. तोंडात बोट घालून फिरवलं तर आतली माती नवीन, लालभडक, आणि बाहेरून चोळलेलं बूटपॉलिश माझ्या तळहाताला लागलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून कुणा सजावटवाल्याकडून करून आणलेल्या. खोट्याची नक्कल, आणि तीही गेल्या दिवाळीतली. आणि या सगळ्यावर तुझी साक्ष.

एकदा वाटलं, सगळ्या फरशीवर आपटाव्यात. पण त्यांत तुझ्या मुलींनी ब्रशनं धुतलेल्याही होत्या.

बापूसाहेब गल्ल्यामागच्या केबिनमध्ये होते. मला बघून उठले, हात जोडले. "या सुधाताई. जेवून घ्या आधी."

मी पॉलिश लागलेला हात त्यांच्या टेबलावर उमटवला. "ही शंभर वर्षांची का?"

"अवो, त्या शोभंला ठेवल्यात. कोन बघतंय?"

"मग वर शैलाचं नाव कशाला? तिनं तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, या खोट्या आहेत. तुमच्या घरात, माझ्यासमोर."

"ताई, आपन मान दिलाय मॅडमला. गेलेल्या मानसाचं नाव ऱ्हावं म्हनून."

"मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालणं याला मान म्हणतात का तुमच्यात? ती एवढ्यासाठी गप्प बसली नव्हती. तुम्हाला काय झाकायचं ते झाका, पण तिच्या पदराखाली नको. एक तर 'अस्सल' काढा, नाहीतर तिचं नाव."

माझा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत गेला असणार, कारण पोरांचा दंगा थांबला. बापूसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मला त्यांच्या तोंडावर चक्क सुटकेचा भाव दिसला. मी मागत होते ते त्यांना फारच स्वस्तात पडत होतं.

"यवढंच ना? नाव काढतो." त्यांनी मॅनेजरला हाक मारली. "ए, त्यो पेचकस आन रं."

स्क्रू निघायला कितीसा वेळ लागतो! पाटी काढली, मागच्या भिंतीवर चौकोनी डाग राहिला. दुसरी पाटी नावाशिवाय करून लावतो म्हणाले. काढलेली माझ्या हातात दिली, पार्सल दिल्यासारखी. मी वजनावरनंच ओळखलं, पितळ नव्हतंच ते. पत्र्याला सोनेरी रंग.

गाडीत बसले आणि मग कळलं, मी काय केलं ते. बाटल्या तिथंच राहिल्या. 'अस्सल' तिथंच राहिलं. तेवढी तू निघालीस.

मी तडक दौंडला मावशींकडे गेले. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्या पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या, तुझ्या फोटोकडे पाठ करून. त्यांना सगळं सांगितलं. पाटी दाखवली.

"काय लिवलंय?" म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. अस्सल, जर्मन, सगळं. हे कसं खोटं आहे ते समजावून सांगितलं.

"शैलाचं नाव कुठं हाय त्यात? दाव."

मी दाखवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तांदळातला खडा शोधतात तसं, हळूहळू.

"नाव तर खरं हाय न्हवं?"

"मावशी, पण ते खोट्या गोष्टीला..."

"तिला लेकरू न्हाई, बाळ न्हाई. ह्या घराला बी नाव तिच्या बापाचं. हजार मानसं जेवाय येत्यात म्हनं तितं. हात धुता धुता कुनी तरी वाचलं आसतं, शैलजा." त्यांनी पाटी मांडीवर पालथी घातली. "तू तिची मैतरीन. तुला काढाय बरं हात झाला?"

शैले, दुकानात मी कधी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मी तिथं तांदूळ निवडत बसले, खाली मान घालून. ज्या बाईपुढं मला हे ऐकावं लागलं, तिच्यापुढं तू बसायला हवी होतीस. तू जे गिळलंस त्याचं उत्तर मी का द्यायचं? असा राग आला मला तुझा, की फोटोकडे बघायची माझी इच्छा होईना.

मी निघाले तशा मावशी म्हणाल्या, "साळंत तेवढं ते पोरींचं झालं. लई खूश हुती त्याच्यापायी. रोज सांगायची, आई, पोरी आता बाटली भरून पानी आनत्यात." आणि वर, "जमलं तर बघून ये. मला काय जाववत न्हाई."

शाळा भरलेली होती. मधली सुट्टी. ती इमारत मी पहिल्यांदाच बघत होते; शोकसभेच्या दिवशी ती मांडवाआड होती. चांगली होती, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या फरशा, वर टाकी, दारावर संगमरवरी पाटी, बापूसाहेबांच्या मातोश्रींच्या नावाची. आणि दाराला कुलूप.

मी मुख्याध्यापकांना विचारलं. भला माणूस आहे, घाबरट. म्हणाले, "त्याचं असं आहे ताई, मुली घाण करतात. वरून कधीही कुणी बघायला येतं. शैलजा मॅडम होत्या तोवर किल्ली त्यांच्याकडे असायची. सकाळी उघडायच्या, उभं राहून धुऊन घ्यायच्या, सुटताना बंद करायच्या. आता ती जबाबदारी कुणी घ्यायला तयार नाही."

"मग मुली जातात कुठं?"

त्यांनी रेल्वेच्या भिंतीकडे बघितलं.

"किल्ली द्या."

"ती अध्यक्षांच्या ऑफिसला जमा केलीय."

इतके दिवस आतल्या आत धुमसणारं जे होतं, ते तेव्हा एकदम शांत झालं. शांत म्हणजे गेलं नाही. हातात उतरलं. ज्याच्यासाठी तू खोली दिलीस, बाटल्या दिल्यास, माझ्याशी दुरावा पत्करलास, तुझं ते लखलखीत तोंड मिटून घेतलंस, ते तुझे दिवस होईपर्यंतसुद्धा उघडं राहिलं नाही. आणि तू एवढी शहाणी, तुला कळू नये, की गप्प राहून मिळवलेल्या गोष्टीची किल्ली शेवटी त्यांच्याच खिशात जाते? हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं. रसवंतीवर मला हे सुचलं नव्हतं. आता सुचतंय, तर ऐकायला तू नाहीस. आणि हेही म्हणायचं होतं, की तू रोज सकाळी उभं राहून ते धुऊन घेत होतीस, हे मला तू कधीच का सांगितलं नाहीस? मी उद्घाटनाला आले नाही, म्हणून? मी तुला शिवण शिकव म्हटलं आणि तू काय करत होतीस, ते मला मुख्याध्यापकांकडून कळावं?

गाडीच्या डिकीत टायर खोलायची लोखंडी टामी असते. ती घेऊन आले.

"ताई, केस होईल," मुख्याध्यापक म्हणाले.

"होऊ दे. माझं नाव नीट लिहून घ्या. निदान ते तरी कुणी पुसणार नाही."

कुलूप साधंच होतं. कोयंड्यात टामी घालून दाबली, तर कुलूप न तुटता कोयंडाच चौकटीतून स्क्रूसकट बाहेर आला. माझ्या तळहाताचं साल निघालं. पटांगणातल्या मुली खेळ थांबवून बघत उभ्या होत्या, तोंडावर हात धरून. आत कोळ्यांची जाळी धरली होती, नळाला पाणी होतं. मी बादली भरून सगळं धुतलं, साडी भिजली. मुख्याध्यापक थोडा वेळ दारात उभे राहिले, मग कुठूनसा खराटा घेऊन आले.  

आता दर सोमवारी मी दुकान सुनेवर टाकून दौंडला येते. कोयंडा परत कुणी बसवलेला नाही. बापूसाहेबांचा निरोप आला होता, ताईंना म्हणावं समजुतीनं घ्या. मी उलट निरोप धाडलाय, तो इथं सांगण्यासारखा नाही. मावशी माझ्याशी अजून तुटकच बोलतात, पण परवा चहा दिला. पाटी त्यांनी ठेवून घेतलीय. मी मागितली नाही.

कोयंडा उखडला त्या दिवशी, सगळं धुऊन झाल्यावर, मी पायावर पाणी घेत होते, तेव्हा दोन वेण्या घातलेली एक पोरगी जवळ आली. तिला घाई होती, पाय आवळून उभी होती, तरी तिनं आधी विचारलं.

"मॅडम, तुम्ही नवीन बाई का?"

"नाही गं. मी भांडीवाली. शिरूरची."

"भांडणारी?"

"हो, तीपण," मी म्हटलं. "जा, पळ आत."

ती आत पळाली, आणि तिनं आतून कडी घातली.